फुकट काम करणारा माणूस

फुकट काम करणाऱ्या माणसाच्या पोटात काहीतरी असतंच, असं सुप्रीताचं ठाम मत होतं. नोकरीच तशी होती – बँकेत, फसवणुकीच्या तक्रारी तपासायची. दिवसभर लबाड्या बघणारीला संध्याकाळी देवमाणूस कुठून दिसणार?

तर त्या रविवारी ती बंगळुरातल्या मारतहळ्ळीच्या मराठी मंडळाच्या हॉलवर पेन ड्राइव्ह घेऊन आली. तिची आई, पद्मावती टीचर, तीस वर्षं शिकवून निवृत्त होत होती आणि पुढच्या रविवारी तिचा सत्कार होता. जुन्या विद्यार्थ्यांनी फोनवर बोलून पाठवलेले चाळीस व्हिडिओ सुप्रीताने आईला पत्ता लागू न देता जमवले होते. मंडळाच्या कॉम्प्युटरवर तिनं पहिला लावला. आवाज आला, चित्र नाही! दुसरा लावला, तेच. काळाकुट्ट पडदा, आणि आतून कुणी बाप्या विचारतोय, ‘टीचर, ओळखलंत का मला?’

“अय्यो! कुणी बिघडवला हा कॉम्प्युटर?”

“बिघडवला नाही, मीच बदललाय,” मागून आवाज आला. “जुनी सिस्टीम काढून लिनक्स घातलंय. स्वल्प थांबा की.”

निळा शर्ट, कपाळावर घाम, बोलण्यात निपाणीचा ठसका. हा शंतनु. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मशीन सांभाळायचा आणि सुट्टीत मंडळाचं काम करायचा. त्यानं वाकून दोन ओळी टाइप केल्या.

“फोन व्हिडिओची गाठ मारून ठेवतो. ती सोडवणारं कोडेक यात नव्हतं. आता घातलं.”

पडद्यावर चित्र आलं. टक्कल पडलेला एक विद्यार्थी हात जोडून हसत होता.

“किती द्यायचे?”

“काय नाही.”

“आणि सॉफ्टवेअरचे?”

“ते पण फुकटच हाय.”

“आणि तुमचे?”

“मी... मी पण तसलाच.” त्याचे कान लाल झाले.

झालं! सुप्रीताच्या मनात पाल चुकचुकली.

“चाळीसच्या चाळीस सलग दाखवलेत तर लोक उठून जेवायला जातील,” शंतनु म्हणाला. “कापून, जोडून वीस मिनिटांत बसवून देतो. रोज संध्याकाळी येतो की.”

“सरी, चालेल. पण मी शेजारी बसणार. आणि पेन ड्राइव्ह रोज माझ्याबरोबर घरी.”

“बसा की,” तो म्हणाला. जरा जास्तच पटकन.

मग काय, बाईसाहेब रोज सहाला हजर. खुर्ची ओढून, डोळे वटारून. तो मात्र पडद्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघून विचारायचा, “इथं कापू? का हसू संपू दे?”

“संपू दे... हसू कुणी मध्येच कापतं का!”

मंगळवारी त्यानं तिच्यासाठीही कॉफी आणली. तिनं आधी वास घेतला, मग प्यायली. बुधवारी त्याच्या एका वाक्यावर ती खळखळून हसली, आणि लगेच गप्प झाली. गुरुवारी तिनं ऑफिसातून घरी जाऊन साडी नेसली. मंडळाच्या हॉलवर साडीच शोभते, असं स्वतःला बजावलं. पण स्वतःचं म्हणणं तिला स्वतःलाच पटेना.

शनिवारी ती त्याच्या आधी पोचली. कॉम्प्युटर चालू करून बघते तर एका फोल्डरमध्ये चित्रविचित्र नावांच्या चाळीस फाइल! एक उघडली. तिचा व्हिडिओ. दुसरी – तिचाच. पेन ड्राइव्ह पर्समध्ये, मग हे इथं कसे? मंडळाचे सेक्रेटरी आप्पाजी, सतरंज्या घालणारी मंडळी, सगळ्यांदेखत ती शंतनु आल्या आल्या त्याच्यावर बरसली.

“माझ्या आईचे व्हिडिओ चोरून ठेवलेत? तरीच म्हटलं, फुकट कसं!”

शंतनु पांढराफटक पडला. मग हळू आवाजात म्हणाला, “मोठे व्हिडिओ या जुन्या कॉम्प्युटरला झेपत नाहीत. म्हणून कापाकापीचा प्रोग्राम आपल्या सोयीला लहान नकला करतो. शेवटी तुमच्या मूळ व्हिडिओंवरूनच सगळं बनतं. बघा.”

त्यानं सगळ्या नकला पुसल्या, तिच्याकडून पेन ड्राइव्ह घेऊन लावला आणि प्रोग्राम उघडला. कुणी काही न सांगता प्रोग्रामनं पुन्हा एकेक नक्कल बनवायला घेतली.

शंतनुनं उरलेले पंधरा व्हिडिओ मान वर न करता पाऊण तासात कापले, सगळं जोडून दिलं, लहान नकला पुसल्या आणि “येतो” म्हणून निघाला. ‘चुकलं’ हा शब्द तिच्या ओठांवर आला होता... चारचौघांत तो बाहेर पडेना.

रविवारी आई रडली, हसली, एकेकाला नावानिशी ओळखत गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शंतनु आला नाही. आप्पाजी म्हणाले, “दोन बस बदलून यायचा गं पोरगा.” सुप्रीतानं हातातला मैसूरपाक तसाच ताटात ठेवला.

सोमवारी तिनं रजा टाकली आणि बोम्मसंद्र्याची बस धरली. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या गेटवर शे-दीडशे माणसं होती. त्यात तो दिसला.

“शंतनु! मी चुकले! तुम्ही चोर नाही!”

डबे उघडता उघडता सगळे थबकले.

“अहो, हळू की...”

“चारचौघांत बोलले, माफीही चारचौघांतच.” ती जवळ आली. “पण एक खरं सांगा. परवा पंधरा व्हिडिओ पाऊण तासात झाले. मग आधीच्या पंचविसांना पाच दिवस कसे लागले?”

त्यानं चपलेनं माती उकरली. “काम दोन दिवसांचंच होतं.”

“मग?”

“तिसऱ्या दिवशी तुम्ही आला नसता.”

सुप्रीतानं त्याच्यावर बोट रोखलं. “म्हणजे काहीतरी काळंबेरं होतंच!”

“होतं,” तो म्हणाला. “तुम्ही मला आवडता. कोडेक घातलं त्याच दिवसापासून.”

भोंगा वाजला. माणसं आत निघाली, तो मात्र जागचा हलेना.

“जा की आत,” ती म्हणाली. “सुटेपर्यंत थांबते मी.”

“अजून चार तास आहेत!”

“असू देत. तुम्हीही मला आवडता, हे मला गुरुवारीच कळलं होतं. फक्त... माझा माझ्यावरच विश्वास बसत नव्हता.”