फालतू हालचाल

साखरप्याच्या वाचनालयात शनिवारी पुस्तकांपेक्षा हातमोज्यांच्या खिडकीपुढे जास्त गर्दी असायची. त्या गर्दीत आज सगळ्यात मोठा आवाज जोगळेकरकाकूंचा होता.

"अहो पेठेकाका, हा मोदकांचा मोजा बिघडलाय! मोदक एक नंबर होतात, त्यात वाद नाही. पण मध्येच चिमूटभर सारण उचलतो आणि बाजूला हवेत धरतो. माझं सारण सांडून सांडून मांजर लठ्ठ झालं!"

"सोमवारी सगळे जुने मोजे शुद्धीकरणाला चाललेत," पेठेकाका खिडकीतून म्हणाले. "फालतू हालचाली पुसून टाकतात तिथे. मग एक दाणा सांडणार नाही. पण काकू, धुवून आणत जा हो. बघा, गूळ चिकटलाय."

मागे उभी असलेली दहावीतली जुईली खुदकन हसली.

तिच्या जन्माच्या आसपास कुणीतरी शोधून काढलं होतं, की हाताला आलेलं कसब टिपून ठेवता येतं. कसबी माणसाच्या हातांवर तारांची जाळी चढवायची आणि त्याला त्याचं काम करू द्यायचं. बोटांचा दाब, मनगटाचा झोका, मध्येच थांबणं, सगळं त्या जाळीत उतरायचं. याला नाव होतं हस्तस्मृती. मग त्या हस्तस्मृतीचा मोजा कुणीही घालावा. आतले बारीक धागे आपल्या बोटांना हळूच ओढ देतात: इकडे, आता दाब, आता सोड. जबरदस्ती अजिबात नाही. बालवाडीत बाई हात धरून 'ग' गिरवून घ्यायच्या ना, अगदी तस्सं. मोज्यावर कामाचं नाव लिहिलेलं असायचं, माणसाचं कधीच नाही.

"तुला काय गं?"

"इंजिनाचे व्हॉल्व्ह सील बदलायचे. छोटी गाडी, तीन सिलिंडरची."

"अगं, शकूताईची मुलगी तू, आणि मोजा..." पेठेकाकांनी जीभ चावली. शकूताईच्या हातांचं काय झालंय ते साऱ्या गावाला ठाऊक होतं. त्यांनी मोज्यांची जोडी पुढे केली. "उद्या संध्याकाळपर्यंत परत. सोमवारी खोका जाणार."

जुईलीची आई शकूताई म्हणजे आंबा घाटाच्या पायथ्याची एकमेव बाई मेकॅनिक. घाट चढताना धापा टाकणाऱ्या गाड्या तिच्या दारात येऊन पडायच्या आणि शहाण्यासारख्या निघून जायच्या. पण चार वर्षांपूर्वी संधिवाताने तिची बोटं धरली. ती इतकी वाकडी झाली, की चहाचा कपसुद्धा दोन्ही तळव्यांत धरावा लागे. गॅरेज बंद पडलं. उरली फक्त ठमी. ही जुनी पांढरी गाडी आईने भंगारातून उचलून स्वतः उभी केली होती आणि आता उसाच्या इथेनॉलवर चालायची. बसच्या पायऱ्या आईच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. पण ठमीचं चाक तळहातांनी फिरवता यायचं. ठमी होती म्हणून आई घराबाहेर पडत होती.

आणि ठमी निळा धूर सोडत होती! उतारावरून येऊन पुन्हा वेग घेतला, की मागे निळा ढग. सोमवारी धूरतपासणी होती. त्यात निळा धूर दिसला, की गाडी सरळ भंगाराच्या दाबयंत्रात.

"जाऊ दे," आई म्हणाली होती. "म्हातारी झाली ती. मीही झाले."

हे वाक्य जुईलीच्या जिव्हारी लागलं. आई बेचाळीस वर्षांची होती.

रविवारी जेवणं आटोपल्यावर जुईलीने ठमीचं बॉनेट उघडलं आणि मोजे चढवले. आई दारातूनच म्हणाली, "उसने हात! उसन्या हातांनी कधी इंजिन खोलतात का?"

"तुझे मिळत नाहीत, म्हणून उसने," जुईली म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. आई आत गेली.

मोज्यातला माणूस मात्र भलताच टापटिपीचा निघाला. पाहुणे येणार असल्यासारखं त्याने आधी फडकं अंथरायला लावलं, मग काढलेला एकेक नट ओळीत मांडायला लावला. वरचं झाकण निघालं, रॉकरचा दांडा निघाला, आणि सहा व्हॉल्व्हच्या सहा स्प्रिंगा उघड्या पडल्या. प्रत्येक स्प्रिंगच्या आत, व्हॉल्व्हच्या दांड्यावर, अंगठ्याच्या नखाएवढी रबरी टोपी. तोच सील. रबर कडक झालं, की वरचं तेल दांड्यावरून खाली झिरपतं आणि इंधनाबरोबर जळतं. निळा धूर म्हणजे ते जळलेलं तेल.

मग मोजा अडला. हात स्पार्क प्लगच्या भोकाशी जाऊन हवेतच काहीतरी आत सरकवत राहिले, पुन्हा पुन्हा.

"काय हवंय याला?" जुईली वैतागून ओरडली.

"दोरी!" आतून आवाज आला. "सुती दोरी कोंब आत आणि इंजिन हाताने फिरव. पिस्टन वर येऊन दोरी दाबतो, दोरी व्हॉल्व्हना खालून टेकू देते. नाहीतर स्प्रिंग काढल्याबरोबर व्हॉल्व्ह जाईल पाताळात."

"सुती दोरी कुठून आणू?"

"माझ्या जुन्या परकराची नाडी घे. आणि गाठ मार टोकाला, नाहीतर सगळीच आत जाईल!"

नाडी आत गेली, पिस्टन वर आला, स्प्रिंग दाबली गेली. स्प्रिंग जागेवर धरणारी दोन इवलाली लॉकं निघाली, चिमणीच्या नखांएवढी. जुना सील इतका कडक झाला होता, की पकडीत त्याचा तुकडाच पडला. मोज्याची बोटं आता दांड्याच्या टोकावर काहीतरी अदृश्य गुंडाळू लागली.

"दुधाच्या पिशवीचा कोपरा," आई आतून म्हणाली. "दांड्याला खाच असते, ती नव्या सीलची कड कापते. कोपरा चढव, तेलाचं बोट फिरव, वरून सील ढकल."

तसं केलं. टप्! सील जागेवर बसला. लॉकं बसली. आणि मग जुईलीचा डावा हात एकदम बाजूला गेला आणि हवेत, तिच्या कमरेच्या थोडं वर, दोनदा हलकेच थोपटून परत आला.

दुसऱ्या व्हॉल्व्हनंतर तेच. तिसऱ्यानंतरही तेच.

"हाही बिघडलाय," जुईली पुटपुटली.

आईला बहुतेक आत बसवेना. ती स्टूल पायाने ढकलत आली आणि डाव्या बाजूला बसली. "दाखव बरं, कसं चाललंय."

चौथा व्हॉल्व्ह झाला. डावा हात बाजूला गेला आणि बरोब्बर आईच्या डोक्यावर पडला. थप् थप्.

"ए कार्टे! आईला टपल्या मारतेस?"

"मी नाही! मोजा! प्रत्येक व्हॉल्व्हनंतर असंच करतो."

आईचा चेहरा बदलला. ती जुईलीच्या हाताकडे बघत राहिली. "पुन्हा कर," ती म्हणाली. "पुढचा."

पाचवा व्हॉल्व्ह झाला. हात बाजूला गेला. आईने डोकं स्वतःच पुढे केलं.

"इथे ड्रम होता," आई सावकाश म्हणाली. "त्यावर तू बसायचीस. दोन वर्षांची होतीस. एकेक सील बसला, की तुझ्या डोक्यावर थोपटायचं, आणि तू ओरडायचीस, 'झाला!' थोपटलं नाही, तर भोंगा! हात टिपणारे लोक आले होते ना, तेव्हाही तू हटून तिथेच बसलीस. त्यातला एक बूटवाला मला म्हणाला, ताई, मध्येच हात सोडू नका, ही फालतू हालचाल आहे, सगळं टिपण वाया जाईल. मला वाटलं, गेलं वाया. मी पुन्हा विचारलंच नाही."

"म्हणजे हे..."

"माझे हात आहेत गं ते."

जुईलीने मोज्यातली बोटं उघडली, मिटली. सरळ, चपळ, न दुखणारी बोटं. तिच्या आईची. तिला एकदम रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकाच वेळी आलं की नाकातून फार विचित्र आवाज निघतो.

"पुरे," आईनेही डोळे पुसले, मनगटाने. "शेवटचा व्हॉल्व्ह मोजे काढून कर."

"आणि चुकला तर? लॉक नीट बसलं नाही, तर व्हॉल्व्ह आत पडेल. इंजिन फुटेल, आई. ठमी संपेल."

"मी बघतेय ना. माझी बोटं गेलीत, डोळे नाहीत."

जुईलीने मोजे काढले. उघडी बोटं थंड वाटली. नाडी, स्प्रिंग, पिशवीचा कोपरा, तेल. सील बसला. एक लॉक निसटून फडक्यावर पडलं. तिने ते ग्रीस लावून पुन्हा उचललं. दुसरं बसलं, मग पहिलंही. लॉकं घट्ट बसलीत का ते बघायला तिने हातोडीच्या दांड्याने स्प्रिंगच्या डोक्यावर हलकेच ठोकलं. आईने कान लावला आणि मान डोलावली.

आणि जुईलीचा डावा हात, मोजा नसलेला, आपणहून बाजूला गेला. थप् थप्.

"झाला!" आई ओरडली.

बाकीचं दोघींनी मिळून जोडलं, म्हणजे जुईलीने हातांनी आणि आईने तोंडाने. ठमी सुरू झाली तेव्हा मागून भस्सकन निळा ढग निघाला आणि जुईली किल्लीकडे धावली. "आतलं जुनं तेल जळतंय, थांब जरा," आई म्हणाली. ढग विरळ झाला, पांढुरका झाला आणि नाहीसा झाला. दोघी वाचनालयाकडे निघाल्या, आई चाकावर. उतार संपला, आईने वेग घेतला. जुईली मागच्या काचेला नाक लावून बसली होती. मागे नुसता रस्ता दिसत होता. स्वच्छ, लाल धुळीचा रस्ता!

पेठेकाका खोक्यात मोजे भरत होते. "धुतलास का?"

"धुतला. पण काका, हा शुद्धीकरणाला नका पाठवू. हिचे हात आहेत त्यात."

आईने वाकडा तळवा मोज्यावर ठेवला. पेठेकाकांनी चिकटपट्टी उचलली. "नियम आहे गं. फालतू हालचाली काढल्या, की मोजा निम्म्या वेळात काम करतो."

जुईलीची नजर खोक्यात गेली. वरच मोदकांचा मोजा होता, गूळ चिकटलेला.

"काका," ती हळूच म्हणाली, "या मोदकांच्या मोज्यातली बाई सारण सांडत नव्हती. ती भरवत होती. तिच्या शेजारी कोण बसलं असेल हो?"

पेठेकाकांच्या हातातली चिकटपट्टी तशीच राहिली. खोका उघडाच होता.