सासऱ्यांचा अकॉर्डियन

ही गोष्ट २०१० सालची, अमेरिकेतल्या टोलिडो शहरातली. त्या फेब्रुवारीत बर्फ थांबायचं नावच घेत नव्हता.

मार्लीन गुर्स्कीने खाजगी गुप्तहेर व्हेरा प्रुइट आणि त्यांचा दीर लाइल यांना स्वयंपाकघरात बसवलं. आधी पडदे ओढले, मग बोलली.

"आम्ही दिवाळखोरीचा अर्ज केलाय. त्यामुळेच बँकेने लावलेला घराचा लिलाव थांबला. घरात जे जे आहे ते कोर्टाला लिहून दिलंय, सासऱ्यांचा अकॉर्डियनसुद्धा. उद्या शपथेवर तेच सांगायचं, आणि आज दुपारी तो गायब! आम्हीच दडवला असं ठरलं, तर अर्ज फेटाळतील. घर जाईल हो."

अकॉर्डियनची रिकामी पेटी बैठकीच्या खोलीत उघडी पडली होती. घराची कुलपं शाबूत. बर्फ सकाळपासून पडतच होता.

नवरा-बायकोखेरीज किल्ली एकाकडेच होती. मार्लीनचा धाकटा भाऊ रूडी, पोल्का नाचाच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवणारा. तिने त्याला बोलावून घेतलं होतं.

"दुपारी सूप ठेवून गेलो," रूडी म्हणाला. "तो बाजा मला हवा होता, हे सगळ्यांना माहीत आहे. पण ताई, मी चोरीन?"

मार्लीनने मान खाली घातली.

तिचा नवरा झिगी घरातही कोट घालून खिडकीबाहेर बघत होता. "मी दुपारपर्यंत घरी होतो. मग नोकरी शोधायला गेलो," एवढंच तो म्हणाला.

"वहिनी, इथं बोटं गळून पडतील माझी," लाइल कुरकुरला.

"घर तापवायला गॅस परवडत नाही," मार्लीन ओशाळली. "वर तर बाथरूम तेवढं वापरतो. खोल्या बंद."

लाइल बाथरूमला जाऊन आला तो खुशीत. "वर काय झकास ऊब आहे! शेवटच्या दाराखालून येतेय. जरा उभाच राहिलो तिथं."

व्हेरा उठल्या. "लाइल, चोराने अकॉर्डियन कसा नेला असता?"

"पेटीतून. मूठ आहे की."

"आणि रूडीने?"

"तोही पेटीतूनच. वाजवणारा माणूस, उघडा बर्फात कशाला नेईल?"

"पण पेटी तर इथंच पडलीय. म्हणजे अकॉर्डियन घराबाहेर गेलाच नाही. रूडीला हवा असता, तर इथं ठेवून जाण्यात काय अर्थ? इथं माणसं कुडकुडतायत आणि बंद खोलीत हिटर चालू. अकॉर्डियनमधल्या सुरांच्या पट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात, आणि ते मेण थंडीने तडकतं. ते जपणारा याच घरात राहतो. मार्लीनने स्वतःच अकॉर्डियन कोर्टाच्या यादीत लिहिला, मला बोलावलं. उरलात तुम्ही, झिगी."

झिगी खिडकीपासून वळला. "उद्या नेला असता कोर्टाच्या माणसांनी. बाबांचा होता."

"अशी जुनी घरगुती वस्तू बहुतेक वेळा राहू देतात. वकिलाला विचारलं नाहीत?"

"विचारायची लाज वाटली."

"दाजी," रूडी दारातून म्हणाला, "ताई मला चोर समजत होती, आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात."

झिगी वर गेला आणि बंद खोलीतून अकॉर्डियन घेऊन खाली आला.

दुसऱ्या दिवशी त्याने शपथेवर सगळं खरं सांगितलं. अकॉर्डियन राहिला. पाच वर्षं हप्ते फेडून घरही राहिलं. व्हेरा पुढे फ्लोरिडाला लेकीकडे गेल्या. त्यांच्याशी वाद घालत लाइलही गेला. रूडी त्या घराची पायरी पुन्हा चढला नाही. रविवारी चर्चच्या दारात मार्लीन त्याच्याशी बोलत उभी राही. रूडीची गाडी वळणाआड जाईपर्यंत झिगी आपल्या गाडीतून उतरत नसे.