धूर सरळ वर गेला

"तुमचा वारा उलटा चाललाय."

प्रीतीने दचकून हात आवरले. हुबळीहून धारवाडला निघालेल्या 'चिगरी' नावाच्या जलद बसमध्ये खिडकीशी बसून ती पाठाची तयारी करत होती. डावा हात समुद्र, उजवा हात जमीन, आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटणं. शेजारचा तरुण ते ऐकत असेल, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"रात्रीचा आहे तो," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"मग बरोबर. रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडेच जातो. मला वाटलं, दिवस आहे."

खरं तर तिच्या मनात दिवसच होता. चूक कबूल करायची वेळ आली की तिच्या तोंडून असं काहीतरी निघून जाई... आणि मग कानाच्या पाळ्या तापत.

तो प्रशिक. धारवाडात मळमड्डीतल्या ज्या शाळेत ती नुकतीच तात्पुरती शिक्षिका म्हणून लागली होती, तिथेच विज्ञान शिकवणारा. धारवाड येईपर्यंत तिने त्याला सगळं सांगून टाकलं. उद्या सातवीच्या वर्गात मुख्याध्यापिका श्यामला मॅडम तिचा पाठ बघायला बसणार होत्या. त्यांना आवडला तर नोकरी पुढे चालणार. एका ताटात पाणी, दुसऱ्यात रेती, दोन्हींवर बल्ब, मधे उदबत्ती. रेती लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, आणि तिची जागा घ्यायला पाण्यावरची गार हवा सरकते. धूर रेतीकडे झुकतो. समुद्रावरचा वारा दिवसा जमिनीवर येतो, तो असाच.

"पण रेतीच नाही माझ्याकडे. बांधकामावरची घेतली की माझे हात खाजत सुटतात. सिमेंट असतं ना त्यात."

"रेती मी आणतो."

"आणि वारा?"

"तो तुम्ही आणा. दिवसाचा."

ती हसू दाबत खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने ताट आणून टेबलावर ठेवलं. पिवळसर, स्वच्छ रेती. हाताने सारखी करताना ती प्रीतीला गार लागली. पण श्यामला मॅडम मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. विचार करायला वेळ नव्हता.

पंखे बंद. खिडक्या बंद. बल्ब बराच वेळ जळले. उदबत्ती लावली... आणि धूर सरळ वर गेला. ना पाण्याकडे, ना रेतीकडे. देवघरात जातो तसा, निवांत, सरळ.

"पाहिलंत?" प्रीतीचा आवाज तिलाच परका वाटला. "धूर रेतीकडे गेला."

"नाही टीचर," पहिल्या बाकावरची अनसूया म्हणाली. "वर गेला की!"

"तुला नीट दिसलं नाही. पुस्तकात आहे तसं काढ."

अनसूया क्षणभर ताटाकडे बघत राहिली. मग तिने रबर घेतलं आणि स्वतः काढलेली सरळ रेघ पुसून टाकली. प्रीतीला वाटलं, त्या रबराखाली आपणच घासले जातोय.

"छान झाला हं पाठ," श्यामला मॅडम म्हणाल्या. दारात प्रशिक उभा होता. त्याने मान खाली घातली आणि निघून गेला.

संध्याकाळी ती त्याला टाळून बसस्टॉपवर आली, तर तो आधीच तिथे! बारीक भुरभुर चालू होती. छत्री दोघांकडेही होती, उघडली कुणीच नाही.

"प्रीती टीचर, माझं चुकलं."

"तुमचं? मी एका पोरीला वर्गासमोर खोटं पाडलं... तिनं पाहिलेलं तिच्याच हातानं पुसायला लावलं. तुम्ही बघत होता. आता तुमच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटते मला."

"रेती ओली होती."

"काय?"

"काल रात्री मी ती धुतली. चार पाण्यांनी. पंख्याखाली पसरली, वरून वाळली, आत तशीच राहिली. ओली रेती कुठली लवकर तापायला? विज्ञान शिकवतो मी, आणि—"

"धुतली कशाला पण?"

त्याने पुन्हा मान खाली घातली. "तुमचे हात खाजतात म्हणालात ना."

प्रीतीला हसू आलं, आणि त्याच्या पाठोपाठ डोळ्यांत पाणी.

"मग तिथेच का नाही बोललात?"

"धूर वर गेला तेव्हाच कळलं होतं. पण मॅडम विचारणार, का धुतली म्हणून... काय सांगणार होतो? लाजलो, गप्प बसलो. तुम्ही एकट्या पडलात."

बस आली आणि गेली. दोघंही चढली नाहीत.

"उद्या पुन्हा करायचा प्रयोग," ती म्हणाली. "मॅडमसमोर."

"नोकरी जाईल, टीचर."

"जाईल." तिने चेहऱ्यावरचे थेंब पुसले. "पण त्या पोरीसमोर रोज उभी कशी राहू?"

त्या रात्री प्रशिकने रेती तव्यावर भाजली. त्याची आई, चंपाबाई, ओरडत होती, "अरे देवा, पोरगं रेतीचे चुरमुरे करतंय!"

सकाळी प्रीती वर्गासमोर उभी राहिली. मागे श्यामला मॅडम, भुवया उंचावलेल्या.

"काल धूर सरळ वर गेला होता. अनसूयाला दिसलं ते खरं होतं. मला ते दिसूनही मी खोटं बोलले. अनसूया, माझं चुकलं. या वर्गात मी पुन्हा खोटं बोलणार नाही."

अनसूया लाजून बाकाखाली पेन्सिल शोधू लागली.

बल्ब लागले. उदबत्तीचा धूर थोडा घुटमळला... आणि हलकेच रेतीकडे कलला. सगळा वर्ग "हो...!" करून ओरडला.

"मग काल का नाही गेला?" अनसूयाने विचारलं.

प्रीती काही बोलण्याआधी दारातून उत्तर आलं. "रेती ओली होती. मी धुतली होती."

"का धुतली सर?"

प्रशिकने मॅडमकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, शेवटी प्रीतीकडे.

"टीचरांचे हात खाजू नयेत म्हणून."

वर्गात खसखस पिकली. श्यामला मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. ओठ दाबून बराच वेळ पुसत राहिल्या.

"टीचर, तुम्हाला माहीत होतं?" अनसूया काही सोडणारी नव्हती.

"काल संध्याकाळी कळलं."

"मग तुम्हाला काय वाटलं?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तिच्या जिभेवर आलंही होतं. पण चाळीस डोळे तिच्याकडे लागले होते, आणि दारातले दोन.

"आवडलं," प्रीती म्हणाली. "खूप... आवडलं."