मागच्या सीटची शिवण

साहेब, सूरजला तुम्ही आत टाकलंत ते त्याने खून केला म्हणून नाही. तो हाताशी होता म्हणून. प्रेत बघून पोलिसांना फोन त्याने केला, आणि तुम्ही फोन करणाऱ्यालाच उचललंत.

मानपाड्याला रवींद्रचा गाळा आहे. गाड्या आतून धुऊन, सीटांना कंडिशनर लावून देतात. धम्मपाल आणि सूरज हे दोघे कारागीर. सकाळी सूरजने शटर उचललं, तर एका मोठ्या काळ्या गाडीच्या मागच्या सीटवर धम्मपाल उताणा पडलेला. गळा आवळलेला. मुठीत फडकं, तेही कोरडं ठणठणीत.

आदल्या दिवशी सुट्टीवरून दोघांची चहाच्या टपरीवर बाचाबाची झाली होती. शटरला कुलूप होतं आणि चावी सूरजकडे. झालं. दुपारपर्यंत सूरजची उजव्या हाताची बोटं काकडीएवढी सुजली आणि तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला कोर्टात उभं करायचं होतं.

हवालदार दर्शना तेव्हा दिवा गावात होती. सुकी मासळी विकणारी गंगुबाई परवापासून घरी आली नव्हती. शीळफाट्याजवळ तिला गाडीने उडवलं होतं. जमलेल्या लोकांनी एकच सांगितलं, गाडीवाला भला माणूस होता, त्यानेच उचलून गाडीत घातलं, दवाखान्यात नेतो म्हणाला. गाडी काळी होती. नंबर कुणी बघितला नव्हता, भल्या माणसाचा नंबर कोण बघतो? मुलांनी सगळे दवाखाने पालथे घातले. त्या सकाळी गंगुबाई नाल्यात सापडली.

तिथेच तुमचा फोन आला. मानपाड्याला जा आणि खुनातली गाडी मालकाला देऊन टाक. मालकाच्या वडलांचे फोनवर फोन येतायत. आरोपी कबूल आहे, गाडीचं काय लोणचं घालायचंय?

दर्शनाचे वडील, अण्णा, कल्याणला रिक्षांच्या सीटा शिवायचे. शाळेतून आली की ती रेक्झिन ताणून धरायची. त्यामुळे गाडीचं दार उघडलं आणि तिचा हात आपोआप सीटवर गेला.

ड्रायव्हरची कातड्याची सीट मऊ होती, कोरडी, वरवरची चमक नसलेली. मागची सीट तेलकट चकाकत होती. आणि नुसती सीट नाही. दारांच्या आतलं रेक्झिन, पुढच्या सीटांच्या पाठी, सगळ्यावर तोच थर. बोट लावलं की चिकटत होतं. वरून अत्तराचा भपकारा आणि त्याच्याखाली आणखी एक वास. तो तिला सकाळपासून येत होता, दिव्याला, गंगुबाईच्या घरात.

तिने बॅटरी घेऊन मागच्या सीटची फट उसकटली. नखाएवढं काहीतरी निघालं. ते रुमालात बांधून तिने रवींद्रला बोलावलं.

"कातड्याला काय करता?"

"आधी फेसाने धुतो, वाळवतो. मग कंडिशनर. कातडं पितं ते. उरलेलं पुसून घ्यायचं."

"आणि रेक्झिनला?"

"रेक्झिन काय पिणार, मॅडम? नाही लावत. लावलं तर वर चिकट बसतं, धूळ धरतं."

"तुमच्या पोरांना हे ठाऊक आहे?"

"मीच शिकवलंय दोघांना. चुकून थेंब पडला तरी धम्मपाल शिव्या घालायचा."

तिने त्याचं बोट धरून दाराच्या रेक्झिनवर टेकवलं. रवींद्रने बोटाकडे बघितलं आणि म्हणाला, "हे आमच्या पोरांचं काम नाही."

"गाळा कुणाचा?"

"भाड्याचा आहे."

"मी मालक विचारला."

"बंटीशेठच्या वडलांचा."

"त्यांच्याकडे दुसरी चावी असते?"

"असते." साहेबांना हे का सांगितलं नाही, असं तिने विचारलं. तर म्हणाला, साहेबांनी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी सांगितलं नसतं, पोटावर पाय कोण देऊन घेतो?

काळी गाडी बंटीचीच होती. थोड्या वेळात तो एका मित्राच्या गाडीतून आला. पांढरे बूट, तोंडात मावा. दर्शनाच्या खाकीकडे बघून म्हणाला, "ओ बाई, सही कुठे करायची ते दाखवा पटकन."

"दाखवते. गाडी धुवायला का दिली होती?"

"कुत्र्याने मागे घाण केली."

"केस गळतात त्याचे?"

"घरभर. लॅब्रेडोर आहे."

"घरी मासे खाता?"

"वडील माळकरी आहेत आमचे. घरात अंडं येत नाही. तुम्हाला जेवायला बोलवायचं नाहीये, काय?" मित्र खिदळला.

"काम कसं झालंय, बघून घ्या."

बंटीने आत डोकावून बघितलं. ज्या सीटवर सकाळी प्रेत होतं, त्या सीटवरून त्याने समाधानाने हात फिरवला. "चकाचक. अशीच पाहिजे."

दर्शनाने तुम्हाला फोन लावला आणि यावंच लागेल म्हणाली. तुम्ही आलात ते संतापूनच. तुमच्यासमोर तिने मागची सीट उचकटली, उलटी केली, शिवणीला ब्लेड लावलं. कातडं सुटलं. खालचा पिवळा फोम शिवणीच्या रेषेने काळा पडला होता, हाताच्या पंजापेक्षा मोठा डाग.

"हे काय?" तुम्ही विचारलंत.

"रक्त. धम्मपालचं नाही, त्याच्या अंगावर जखम नाही. सीट वरून पुसता येते. शिवणीच्या भोकांतून जे खाली गेलं ते नाही पुसता येत."

मग तिने रुमाल सोडला. त्यात जवळा होता. नखाएवढी सुकलेली बारीक कोळंबी.

"माळकऱ्याच्या गाडीत जवळा आहे आणि घरभर केस गाळणाऱ्या कुत्र्याचा एक केस नाही. या सीटवर गंगुबाई होती, साहेब. यानेच तिला उडवलं. लोक जमले म्हणून गाडीत घातलं आणि पुढे जाऊन नाल्यात टाकलं. एवढं रक्त मेलेल्या माणसाचं वाहत नाही. ती जिवंत होती."

बंटी मावा चघळायचा थांबला.

"काल धम्मपालने ड्रायव्हरची सीट नीट केली. मग मागे फेस लावला आणि शिवणीतून लाल पाणी वर आलं. हा बघायला आला होता, काम कुठवर आलंय ते. सूरज घरी गेल्यावर याने गळा आवळला. फेस पुसला, बाटली दिसली ती सगळ्यावर चोपडली. कातडं काय, रेक्झिन काय, याला काय कळतं? सूरजने असं केलं नसतं, रवींद्रनेही नाही. मग त्या ओल्या सीटवर धम्मपालला निजवलं, हातात फडकं दिलं. फोटोत बघा, त्याच्या शर्टाची पाठ तेलकट आहे आणि फडकं कोरडं. काम करता करता मेला असता तर उलटं असतं. आणि जाताना बापाच्या चावीने कुलूप घातलं."

बंटी तुमच्याकडे बघून बोलला, तिच्याकडे नाही. "ती म्हातारी मरणारच होती, साहेब. दवाखान्यात नाव लिहून घेतात. वाटेत नुसती पाणी पाणी करत होती, डोकं उठवलं माझं."

"आणि धम्मपाल?" दर्शनाने विचारलं.

"तो दिव्याचा निघाला ना. बोलला, म्हातारीला सगळे शोधतायत, पोलिसांत चल. मला बोलला तो. आमच्याच गाळ्यात उभा राहून."



दर्शनाने बेडी काढली. इथवरचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, साहेब, तुम्ही तिथे उभे होतात. पण त्यानंतरचं तुमच्या कागदात कुठेच नाही. तुम्ही म्हणालात, शेठचा मुलगा आहे, बाजारात तमाशा नको. बेडी ठेव, तो मित्राच्या गाडीतून येईल आपल्या मागोमाग.

तुमची जीप चौकीत पोचली. मागची गाडी पोचली नाही. आजपर्यंत नाही.

सूरज सुटला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, फडकं पिळता येत नाही, रवींद्रने त्याला कामावर घेतलं नाही. गंगुबाईच्या मुलांना अजून वाटतं की त्यांच्या आईला कुणीतरी भल्या माणसाने उचललं होतं. तसं कुणी नव्हतं, हे सांगायला चौकीतून एकही माणूस दिव्याला गेला नाही. दर्शना गेली असती, पण तिची तुम्ही त्याच आठवड्यात बदली केलीत.

तर आता मी, तुमच्यावर नेमलेला चौकशी अधिकारी, सूरजसारखं तुम्हाला समोर बसवून विचारतोय, फक्त तुमची बोटं शाबूत ठेवून. दोन माणसं मारल्याचं ज्याने तुमच्या तोंडावर कबूल केलं, त्याला तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून गाडीत बसू दिलंत? बोला, साहेब.