झडपेतली तणीस

हेमराजची पिकअप त्याच्याहून म्हातारी. सेल्फ कधीचा गेलेला, त्यामुळे एकदा धक्का मारून सुरू केली की घरी येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, हा तिचा कायदा. पुढच्या काचेखाली हवेची झडप. दांडी ओढली की वारा थेट छातीवर. पुसाच्या थंडीत ती झडप धानाच्या तणशीने, वाळक्या काडाने, बुजवून टाकायची, ही आमच्याकडच्या ड्रायव्हरांची जुनी रीत.

यंदा मात्र हेमराजने तणशीला हात लावला नव्हता. अहेरीच्या बाजारातून तो सामान आणत होता. उद्या धुरपतावहिनीचं वर्षश्राद्ध. शेजारी तिचा नवरा, म्हणजे हेमराजचा मोठा भाऊ रामाजी, कुडकुडत बसला होता.

"झडप बंद कर ना बे. हाडं गारठून राह्यली."

"नाई भाऊ. उघडीच राहू दे."

कारण सांगायला त्याला तोंड नव्हतं. गेल्या पुसात दवाखान्यात नेताना याच सीटवर तापाने फणफणलेली वहिनी होती. "भाऊजी, जीव घाबरून राह्यला... जरा हवा येऊ द्या ना," म्हणाली होती. सायलेन्सर फुटलाय, धूर खालून केबिनमध्ये येतो, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. तरी झडप तणशीने बुजवलेलीच ठेवून, काचा लावून, इंजिन चालू ठेवून तो वळणावरच्या टपरीवर चहाला उतरला. परत आला तर वहिनी निजलेली, ती निजलीच. तापाने गेली, असं सगळे म्हणाले. रामाजी त्याच्याच गळ्यात पडून रडला. हेमराजने तणीस जाळली, सायलेन्सर नवा बसवला आणि मूग गिळून बसला. अन्न मात्र त्या दिवसापासून गोड लागलं नाही.

टपरी दिसली. तो पुढेच जाणार होता, पण रामाजी म्हणाला, "चहा आण रे. मी इथीच बसतो."

चहा घेऊन तो गाडीकडे वळला. दोन्ही काचा वर. सायलेन्सर नवा, तरी आत धूर. झडप तणशीने गच्च भरलेली. रामाजीची मान खिडकीला टेकलेली, अगदी तिच्यासारखी.

चहा टाकून तो धावला. दार हलेना. झडपेतली तणीस उपसू लागला, तर उपसावी तितकी आतून येतच राहिली. ओली, कोमट... मुठीत हळूच फुगायची, मग बसायची.

"वहिनी... मीच कोंबली होती! धुराचं मले माहीत होतं! भावाले सोड..."

दार खटकन उघडलं. त्याने रामाजीला बाहेर ओढलं. रामाजी बराच वेळ खोकत राहिला. हेमराजने त्याचे पाय धरले.

"मी जागाच होतो," रामाजी खालच्या आवाजात म्हणाला. "दार मीच धरून होतो आतून. 'तो बोलेस्तोवर सोडू नोका,' म्हणे तुयी वहिनी..."

मग तो उठून गाडीत चढला. खिडकीपाशी नाही, मधे सरकून बसला.

"चाल. झडप उघडी ठेव."

खिडकीजवळची सीट करकरली, आणि तिकडचं दार हळूच लागलं.