काडेपेटीएवढं गाणं

रांगेत तो सगळ्यात पुढे उभा होता, तरी त्याची पाळी काही येत नव्हती.

"तुम्ही जा आधी," तो मागच्याला म्हणायचा. तो आत जाऊन आला की त्याच्या मागच्याला, "जा, जा, मला घाई नाही."

अग्निशमन दलाच्या जवानांची तपासणी होती आणि रुग्णालयातली ती रक्त काढणारी मुलगी, जिला घरी तिची ताई 'चिमणी' म्हणायची, सकाळपासून हा खेळ बघत होती. दारातून वाकून आत यावं लागेल एवढा उंच गडी... आणि बोटभर सुईला पाठ दाखवतोय!

शेवटी मागे कुणी उरलंच नाही.

"बसा," ती म्हणाली. "आता पुढे पाठवायला फक्त भिंत उरलीय."

तो बसला. कपाळावर घाम, नजर छताला.

"डॉक्टर, एक विचारू?"

"मी डॉक्टर नाही. मी फक्त रक्त काढते."

"म्हणजे जास्तच वाईट..."

बाहेर त्याचे सोबती खिदळले. "पहिलवान, धीर धर रे!"

"हसू दे त्यांना," तो पुटपुटला. "पेटलेल्या घरात मी डोळे झाकून शिरतो. पण ही सुई दिसली ना, की पाय आपले राहत नाहीत."

तिला काय वाटलं कोण जाणे. तिने एप्रनच्या खिशाला अडकवलेला म्युझिक प्लेअर काढला. जेमतेम काडेपेटीएवढा. त्या खोलीत फोनला बंदी होती, म्हणून रिकाम्या वेळात ती त्यावर गाणी ऐकायची. इयरफोन तिने स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि त्याच्या हातात ठेवले.

"हे कानात घाला. डोळे मिटा. सुईचं माझ्यावर सोडा."

गाणं सुरू झालं आणि त्याचे ताठलेले खांदे हळूहळू खाली आले. अंगठा गुडघ्यावर ठेका धरू लागला. शीर तर अशी ठसठशीत, की शोधावीही लागली नाही. रक्त काढून झालं, कापूस लावून झाला, नळीवर चिठ्ठी डकवून झाली... आणि तो आपला डोळे मिटून हसतोय. 'झालं' म्हणून सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नाही. केवढ्या लांब पापण्या होत्या त्याच्या!

तेवढ्यात बाहेर एकच पळापळ उडाली. एकाने आत येऊन त्याचा खांदा गदागदा हलवला. "ऊठ! आगीची वर्दी आलीय! गाडी निघाली!"

तो ताडकन उठला आणि धूम पळाला. कोपराच्या खळीत कापूस, कानात तिचं गाणं, मागे उडणारी वायर...

"अहो! अहो, माझा प्लेअर!"

पण कानात गाणं असलेल्या माणसाला हाक कुठली ऐकू यायला?

आणि मग तिला आठवलं. त्या प्लेअरमध्ये गाण्यांबरोबर तिचा स्वतःचा आवाजही होता. शहरातल्या वाद्यवृंदाला गायिका हवी होती, रविवारी निवड होती. म्हणून ती औषधांच्या कोठीत दार लावून सराव करायची आणि तो रेकॉर्ड करून ऐकायची. सराव म्हणजे काय, दोन ओळी गायच्या, थबकायचं आणि स्वतःवरच ओरडायचं, "चुकलं! परत! बावळट!" त्यात प्लेअरचा पडदा केव्हाच गेलेला. पुढे काय लागेल ते ऐकेपर्यंत कळायचं नाही.

"मेले!" ती मटकन खाली बसली.

घरी ताईला हे सांगितलं, तर ताईला हसू आवरेना. "आग विझवायला गेलेल्याच्या खिशात तुझं गाणं? आता आग विझली म्हणजे मिळवली!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो खिडकीशी हजर. सुयांच्या ट्रेपासून चांगलं अंतर राखून.

"माफ करा हं. पळताना लक्षातच आलं नाही."

"हाका मारल्या मी!"

"तोच तर याचा दोष. कानात घातलं की जग बंद."

"दोष? अहो, जग बंद झालं म्हणून तर सुई कळली नाही तुम्हाला. तो गुण झाला."

"बरं, तो गुण." तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडत होती. "पण पडद्याचं काय? काल गाडी धूत होतो. कानात मस्त गाणं चाललेलं... आणि मध्येच एक बाई ओरडल्या, 'बावळट!' हातातली बादली पडली माझ्या."

तिचे कान तापले. "ती... माझी ताई."

"असं होय? सुंदर गातात ताई. त्यांना सांगा, चुकलं चुकलं म्हणतात ते कुठे चुकलंय, मला सापडलं नाही. परत परत ऐकलं तरी."

त्यानंतर रुग्णालयात त्याची कामं फारच वाढली. एकदा सोबत्याचा अहवाल न्यायचा होता, एकदा कोपर दुखत होतं, पण नेमकं कोणतं ते त्याला आठवेना. सुट्टीत दोघं मागच्या आवारातल्या बाकावर बसायची. प्लेअर मध्ये, एक इयरफोन त्याच्या कानात, एक तिच्या.

"वायर आखूड आहे," एकदा ती म्हणाली. खांद्याला खांदा लागला होता आणि गाण्याकडे तिचं लक्ष अजिबात नव्हतं.

"हा गुण की दोष?"

"अजून ठरलं नाही..."

"घाई नाही. सावकाश ठरवा," तो म्हणाला आणि आणखी थोडा सरकला.

असे ते उडते दिवस. रविवारी ताई वाद्यवृंदाच्या निवडीला जाणार, असं तिने त्याला सांगून ठेवलं होतं. पण रविवार जवळ आला तशी ती गप्प होत गेली. शुक्रवारी त्याने सहज विचारलं, "ताईंची तयारी झाली?"

"ताई जाणार नाही."

"का?"

तिने प्लेअर मुठीत घट्ट धरला. "यात गाणं सोपं असतं. चुकलं की पुसायचं, परत गायचं. समोर माणसं बसली की... जीव घशात येतो. तिचा. ताईचा."

त्याने कानातला इयरफोन काढून तिच्या हातात ठेवला. मग म्हणाला, "हा मात्र खरा दोष. पुसता येतं म्हणून माणूस जन्मभर सरावच करत राहतो." आणि उठून सरळ रक्तपेढीच्या दिशेने चालायला लागला.

"कुठे चाललात?"

"रक्तदान करायला."

"तुम्ही? थांबा, हे इयरफोन तरी..."

"नको. आज कानात काही नको. डोळेही मिटणार नाही."

तिने स्वतःच सुई लावली. तो कागदासारखा पांढरा पडला, ओठ घट्ट आवळले, पण नजर हलवली नाही. पिशवी भरेपर्यंत तो तिच्याकडे बघत राहिला आणि तिच्या आत काहीतरी भरून येत राहिलं.

"झालं," ती हळूच म्हणाली.

"बघा. मेलो नाही." त्याच्या आवाजात अजून थरथर होती. "आता ताईंना सांगा."

तिने मोठा श्वास घेतला. "ताईला एक सूर धड लागत नाही. मीच गाते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवशी तुम्ही 'बसा' म्हणालात ना... तोच आवाज. लपणार होता थोडाच?"

रविवारी सभागृहात ताई पहिल्या रांगेत होती. तिच्या शेजारची खुर्ची मात्र रिकामी. तो येतो म्हणाला होता. नाव पुकारलं गेलं, ती उठली, आणि तेवढ्यात रस्त्यावरून अग्निशमन गाडीचा भोंगा घोंघावत गेला. म्हणजे तो त्या गाडीत होता. डोळे उघडे ठेवून.

ती गायली. दुसऱ्या कडव्यात चुकली, अगदी स्वच्छ चुकली. पण थांबली नाही. चुकीवरून पाय टाकून पुढे गेली, आणि पुढचा सूर असा लागला की कागद चाळणारे वाद्यवृंदाचे प्रमुख चाळायचे थांबले.

"उद्यापासून सरावाला या," ते म्हणाले. "आणि त्या दुसऱ्या कडव्याकडे जरा बघा."

ताईने तिला कडकडून मिठी मारली, मग स्वतःच दूर ढकललं. "आता जा! माझं तोंड काय बघतेस?"

ती पळतच अग्निशमन केंद्रावर पोचली. गाडी परत आलेली, जवान पाइप धूत होते. तो नळाशी बादली भरत होता. कपाळावर काजळी, केस ओले, आणि अंगाने धडधाकट! तिचा जीव भांड्यात पडला.

तिला बघताच तो उठला. "कसं झालं?"

"घेतलं मला!"

"घेणारच!" त्याचा चेहरा उजळला, आणि लगेच पडला. "आणि मला ऐकायला नाही मिळालं. रेकॉर्ड केलंत का?"

"नाही."

"अरेरे... का हो?"

"आज पुसता येईल असं काही करायचंच नव्हतं." तिला धाप लागली होती. पाइप धुणारे सगळे एव्हाना इकडेच बघत होते. बघू देत! "आणि अजून एक सांगायचंय. तेही पुसता येणार नाही. मला तू आवडतोस."

कुणीतरी शिट्टी मारली. बादली भरून वाहायला लागली, पाणी त्याच्या बुटांत शिरलं, तरी त्याला पत्ता नाही.

"मी... म्हणजे मलाही... अगं, पळत येऊन असं एकदम सांगतात का?" त्याने काजळीचे हात पँटला पुसले, पुसून पुन्हा काळेच राहिले. "मी आठवडाभर शब्द जुळवतोय. मला तू खूप आवडतेस. झालं, एवढंच जुळलं."

"एवढं पुरे," ती म्हणाली आणि त्याचा काळा, ओला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

मागून त्याचे साहेब गरजले, "पहिलवान, नळ!"

तिनेच वाकून नळ बंद केला. सगळीकडे शांत झालं. मग त्याचा हात न सोडता, त्या ओल्या अंगणात, एवढ्या माणसांच्या देखत ती त्याच्याकडे बघून गायला लागली.