बिनचिठ्ठीचा धडा

“पुस्तकं मिटा. वाचायचं नाही अजून. चित्रातली बाई कुणाची वाट बघतेय, ते आधी सांगा…”

दीड वर्षापूर्वी किकवीच्या शाळेच्या खिडकीतून आलेला हा आवाज बनाच्या कानातून काही केल्या जाईना. भोंगवलीच्या बालवाडीसाठी खाऊच्या सुकडीचं पोतं न्यायला ती आलेली, नि सावलीला म्हणून खिडकीखाली टेकलेली. आत इंग्रजीचा तास चाललेला. मॅट्रिकला दोनदा इंग्रजीनंच तिला आडवं पाडलेलं. आणि हे मास्तर म्हणे पुस्तकच मिटायला लावतात! तिला हसू फुटलं… नेमके तेव्हाच मानसिंग सर खिडकीत आले.

“काय बाई, हसू कशाचं?”

“मिटलेलं पुस्तक शिकवता, त्याचं.”

“उघडलेलं शिकून पास झालात का?”

“दोनदा नापास,” बना म्हणाली. “शिकवता?”

तेव्हापासून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली, की सरांची सायकल भोंगवलीला. ओसरीवर बना, शेजारी जोंधळे निवडणारी सारजा आत्या, आणि मधे धड्याचं पुस्तक. सर आधी गोष्ट मराठीत सांगत. मग अवघड शब्दांची चिठ्ठी देत. मग एकच प्रश्न — “हे शोधत शोधत वाचा.” हळूहळू त्यांनी मराठीतली गोष्ट गाळली. मग चिठ्ठीतले शब्द कमी होऊ लागले.

“गवंडी परांची बांधतात ना, तसं आहे हे,” ते म्हणत. “भिंत उभी राहिली की काढायची.”

“घाईनं काढली तर भिंत अर्धीच राहते. वडील गवंडी आहेत माझे, विचारा त्यांना.”

सर हसत, नि एक शब्द जास्तीचा लिहीत. आत्या सुपातनं मान वर न करता गुणगुणे —

भोंगवलीच्या वाटंला धूळ उडती गं कशाची
शनवारच्या दुपारी येते सायकल मास्तराची…

“आत्या!”

“जोंधळ्याला म्हनते म्या. तुला कुठं?”

खरं तर दिवाळीतच एका पहाटे चुलीपुढं बसून बनानं अख्खा धडा वाचला होता. गोष्ट नाही, चिठ्ठी नाही — आपोआप उलगडत गेला. आनंदानं उठली… नि तशीच खाली बसली. सरांना कळलं, तर शनिवारी कशाला येतील ते?

मग ती मुद्दाम अडू लागली. सहा दिवस वाटेकडं डोळे लावायची, नि सातव्या दिवशी येत असलेला शब्द विसरायची.

माघातल्या एका शनिवारी सर आले, ते टेकलेच नाहीत.

“बदली झाली. मंचरकडं. सोमवारी हजर व्हायचंय.”

आत्याचं सूप थांबलं. सरांनी वहीचं पान पुढं केलं. “आज कसलाच आधार नाही. हा इंग्रजी उतारा मी लिहिलाय. वाचा, नि काय समजलं ते सांगा.”

बनानं वाचलं. एक माणूस दर शनिवारी सायकल मारत एका ओसरीवर जातो. शिकवायला जातो, असं सगळ्यांना सांगतो. त्या घरातल्या मुलीला एक विचारावं, असं त्याच्या मनात आहे. पण जीभ उचलत नाही…

कानाच्या पाळ्या तापल्या. अक्षरं हलू लागली.

“काय समजलं?” सरांचा आवाज अगदी हळू.

समजलं म्हणावं, तर तीन महिन्यांचं सोंग उघडं पडणार. सवयीनं जीभच पुढं धावली — “सायकल… बिघडल्याची गोष्ट आहे का?”

सरांनी पानाची घडी केली. “माझंच लिहिणं अवघड,” म्हणाले. आत्याला नमस्कार केला, नि निघाले.

“शेरडू सुटलं तरी मानूस उटून पळतं,” आत्या म्हणाली. “आन् तू बसून ऱ्हातीस व्हय गं?”

बना अनवाणी धावली. ओढ्यापाशी सर सायकल हातानं ढकलत चालले होते. तिनं मागनं कॅरिअरच धरला.

“सर… मी फसवलं तुम्हाला. दिवाळीपासून सगळं वाचता येतंय मला.”

“मग अडत का होता?”

“तुम्ही यायचं थांबाल म्हणून!”

सरांचा हात खिशातल्या घडीकडं गेला. “म्हणजे… आजचा उतारा?”

“पहिल्या ओळीलाच समजला.” बनाला दम लागला होता, पण कॅरिअर सुटला नाही. “शनिवारच्या शनिवार नाही पुरत मला. रोज हवेत तुम्ही. वडील घरी आहेत… चला, विचारा त्यांना.”